देवूने दोसा खाल्ला

मल्लेश्वरम, बेंगळुरू
गुरुवार, दुपार

प्रिय अनुषा,

पाकीट पाहून दचकू नकोस. हल्ली टपालाने येतं ते बँकेचं नाहीतर नोटिशीचं, त्यामुळे हे पत्र मी टपालात टाकलेलंच नाही, देवूचे वडील, आमचे अप्पा, ह्यांच्या हाती पाठवते आहे. मी विद्याश्री, देवव्रतची आई. रविवारी तुम्ही तिघं आमच्याकडे येऊन गेलात, आणि मंगळवारी तू देवूला इंदिरानगरात कॉफीला बोलावून सांगितलंस, की तू मला आवडतोस, लग्नाला माझा होकार आहे, पण ह्या बॉडीबिल्डिंगच्या स्पर्धा कायमच्या सोडायच्या. त्याने हो म्हटलं. येत्या रविवारी त्याची राज्य स्पर्धा आहे, तीही तो करणार नाही. हे सगळं मला कळलं आहे. पण मी भांडायला बसलेली नाही. भांडायचं असतं तर फोन केला असता, फोनवर मला जास्त चांगलं भांडता येतं. माझी शाळा सगळी कन्नड, मराठी अक्षरं वडिलांनी घरी पाटीवर गिरवून घेतलेली, तेव्हा मधूनच एखादा कन्नड शब्द घुसला तर हसून सोडून दे.

आधी रविवारची माफी मागते. दिवस मी काढला होता, पंचांगात बघून. उत्तम दिवस, उत्तम वेळ, कुठे काही खोट नाही. फक्त ज्याच्यासाठी दिवस काढला त्यालाच विचारलं नाही. स्पर्धेच्या आधीचा आठवडा म्हणजे भात बंद, मीठ बंद, तेल-तूप-साखर तर कधीचीच बंद. गालफडं बसलेली, डोळे खोल, बोलणं एकदम सावकाश. तीनदा तुम्ही बाहेर भेटलात तेव्हा तो माणसात होता. रविवारी तू पाहिलास तो कोणीतरी वेगळाच. तुझ्या आईने मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, की ह्याला मध्यंतरी मोठं दुखणं झालं होतं का. त्या माउलीचा काय दोष! दुखणं नाही, स्पर्धा आहे, असं मी सांगितलं, तर त्यांना ते दुखण्यापेक्षा वाईट वाटलं असावं. आणि तू त्याला विचारलंस, तुला सगळ्यात जास्त काय आवडतं. पुस्तकं म्हणाला असता, प्रवास म्हणाला असता, जरा हुशार असता तर तूच म्हणाला असता. तो होळिग्यांच्या, म्हणजे आपल्या पुरणपोळ्यांच्या, ताटाकडे एकटक बघत म्हणाला, तूप. तू खळखळून हसलीस, तेव्हाच मला तू आवडलीस.

आता तुझ्या बाबांच्या शर्टाबद्दल. अप्पांचं चिकपेटेत रंगाऱ्याचं दुकान आहे, चार पिढ्यांचं. फिकट पडलेल्या साडीला नवा रंग, साडीला जुळणारा फॉल, हेच काम. स्पर्धेत मुलं अंगभर गडद तपकिरी रंग लावतात, स्टेजवरच्या दिव्यांत स्नायूंच्या रेषा उठून दिसाव्यात म्हणून. तो बाटलीतला रंग घाम आला की ओघळतो, आणि हे अप्पांना गेली सहा वर्षं सहन होत नव्हतं. कच्चा रंग म्हणजे त्यांच्या लेखी घराण्याची बेअब्रू. शनिवारी त्यांनी काताचं पाणी उकळलं, त्यात तुरटी घातली, आणखी काय घातलं ते मलाही सांगत नाहीत, आणि देवूच्या दोन्ही हातांवर नमुन्याचा एक थर दिला. सकाळपर्यंत वाळला असं आम्हाला वाटलं. मग तुझे बाबा उमाकांतराव आले, माणूस मोकळ्या मनाचा, त्यांनी दारातच देवूला मिठी मारली. देवूनेही मारली. त्यानंतर तासभर तुझे बाबा पाठीवर दोन तपकिरी हात घेऊन आमच्या घरात हिंडत होते, कोपरापासून मनगटापर्यंत एकेक हात अगदी स्पष्ट, आणि आम्हाला कोणाला सांगायचा धीर होईना. शेवटी तुझ्या आईनेच पाहिलं. तेव्हा अप्पांनी माफी मागायची की नाही? त्यांनी शर्ट मागून घेतला, खिडकीच्या उजेडात धरला, ओल्या अंगठ्याने घासून पाहिला आणि आनंदाने ओरडले, बघा, जात नाही! मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. तुझे बाबा देवूच्या शर्टात घरी गेले. त्या शर्टात ते आणि तुझी आई दोघंही मावली असती. डाग तर आता निघत नाही, म्हणून अप्पांनी अख्खा शर्टच त्या रंगात बुडवून काढला आहे आणि तो ह्या पत्राबरोबर पाठवत आहेत. रंग खरंच सुरेख आला आहे, पण बाबांना म्हणावं पहिले दोन-तीन वेळा वेगळा धुवा.

तू म्हणशील, काकू हे सगळं हसत सांगतात, ह्यांना काय, ह्यांनी सवय करून घेतली. करून घेतलीच. रोज बारा अंडी उकडते. पांढरं देवूचं, पिवळ्या बलकांचं काय करायचं हा आमच्या घरचा कायमचा प्रश्न. अप्पा खात होते ते डॉक्टरांनी बंद केलं, आता गल्लीतला कुत्रा खातो, त्याची कातडी बघ कशी तुकतुकीत झाली आहे. देवूचा हात स्वतःच्या पाठीपर्यंत पोचत नाही, पाठ खाजली की हातात लाटणं घेऊन माझ्यासमोर येऊन उभा राहतो, एवढा ऐंशी किलोचा गडी! रिक्षात बसला की रिक्षावाला मागे वळून आधी टायरकडे बघतो. छाती, दंड, पाठ सगळं त्याने कमावलं, पण पिंढऱ्या मात्र माझ्या माहेरच्या, काड्यांसारख्या. दर स्पर्धेत जज्ज लोक तेवढ्याचसाठी त्याचे गुण कापतात. म्हणून तो पहाटे मल्लेश्वरमहून बनशंकरीच्या जिमला शिकवायला जातो तेव्हा मेट्रोचे जिने चवड्यांवर चढतो. लोकांना वाटतं पायाला काही लागलं आहे. सहा वर्षांत दोनदा दुसरा आला, चारदा तिसरा. घरात तीन मिक्सर आहेत, तिन्ही मेडलबरोबर मिळालेले. गेली दोन वर्षं राज्य स्पर्धेत तिसरा आला, आणि राष्ट्रीय स्पर्धेला पहिले दोघंच जातात. ह्या वर्षी पिंढऱ्या जरा भरल्या आहेत, असं त्याचे कोच संतोषकुमार म्हणत होते.

तुझी भीती मला कळत नाही असं समजू नकोस. तू त्याला विचारलंस, पस्तिशीनंतर काय, मूत्रपिंडं राहणार का, लग्नात नातेवाइकांनी कौतुकाने विचारलं जावई काय करतात तर चड्डीवर स्टेजवर उभे राहतात हे मी कसं सांगू. सगळे प्रश्न बरोबर आहेत, मीही विचारलेले आहेत, आणि तुझ्यापेक्षा वाईट भाषेत. पहिल्याच वर्षी जिममधल्या कोणीतरी त्याला सुई दाखवली होती, दोन महिन्यांत दुप्पट होशील म्हणाला. देवूने घरी येऊन मला सांगितलं. मी रडले नाही, ओरडले नाही, फक्त म्हटलं की दर तीन महिन्यांनी रक्त तपासायचं आणि तो कागद आधी माझ्या हातात द्यायचा. आमच्या समोरच्या डॉक्टर पद्मावती तो मोठ्याने वाचतात, शेजारपाजारच्यांनाही ऐकू जातो. आजवर एकही आकडा इकडचा तिकडे नाही. तो तिसरा येतो तो सुई घेत नाही म्हणूनही, असं संतोषकुमार एकदा बोलून गेले. मला तिसरा चालतो. फाइल माझ्याकडे आहे, तुला हवी तेव्हा बघ. पस्तिशीनंतर काय, ह्याचं उत्तर मात्र माझ्याकडे नाही. शिकवेल, स्वतःची जिम काढेल, असं तो म्हणतो. उमाकांतरावांसारखी सरकारी कंपनीतली पक्की नोकरी ती काही नव्हे, हे मी कबूल करते.

पण एक गोष्ट तू पाहिलेली नाहीस आणि मी पाहिली आहे. तीन वर्षांपूर्वीपर्यंत मी त्याच्या एकाही स्पर्धेला गेले नव्हते. आपलं पोर तसल्या अवतारात हजार लोकांसमोर उभं आहे हे बघवणार नाही म्हणत होते. त्या वर्षी अप्पांनी ओढून नेलं. मी डोळे मिटून बसायचं ठरवून गेले होते, पदरही हाताशी धरला होता. नंबर पुकारला, मुलं रांगेत आली, आणि त्यांना पाठ दाखवायला सांगितली. अनुषा, ती पाठ मी न्हाऊ घातलेली आहे. पाळण्यातून काढलं की पालथं घालून तेल चोळायचे, वीतभर पाठ होती. त्या पाठीवर त्या दिवशी किती रेषा, किती घड्या, एकेक त्याने सकाळी चार वाजता उठून केलेली. शेजारची एक बाई कन्नडमध्ये म्हणाली, ह्या मुलाची पाठ बघा. मी म्हटलं, माझा आहे. मग तो वळला आणि हसला. दोन दिवस पाणी जेमतेम घोटभर, पोटात अन्न नाही, आणि असा हसला, की तसा तो मला घरी कधी हसलेला आठवत नाही. मी पदर विसरले आणि शिट्टी मारली. मला शिट्टी येते हे अप्पांना तेव्हा पहिल्यांदा कळलं.

तरीही आईचं मन वेडं. शिट्टी मारून आले तरी दर मंगळवारी राहुकाळात बनशंकरीच्या देवळात जाऊन लिंबाच्या सालीचे दिवे लावणं मी थांबवलं नाही. मागणं सहा वर्षं एकच. ह्याचं हे वेड सुटू दे, ह्याला चार घास पोटभर खाऊ दे. परवाच्या मंगळवारीही लावले. परत आले तर स्वयंपाकघरातून खमंग वास. बघते तर देवू गॅससमोर उभा, फ्रिजमधलं पीठ काढून दोसे घालतोय. दोन खाऊन झाले होते, तिसरा तव्यावर होता. मला म्हणाला, आई, तूप कुठे ठेवलंयस? सहा वर्षांत त्याने मला तूप मागितलं नव्हतं. मी धावत जाऊन बरणी काढली, चमचा भरला, देवीने ऐकलं म्हणून हातसुद्धा जोडले. मग त्याच्या हातांकडे लक्ष गेलं. अप्पांचा तो पक्का रंग त्याने दगडाने घासून काढला होता. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी लालभडक, दोन ठिकाणी सोलवटलेली. मी काही विचारायच्या आत त्यानेच सांगितलं, तुझी अट, त्याचं हो. वर म्हणाला, तुला हेच हवं होतं ना आई? आणि हसला. काय हसला ग, मला तो दोसा बघवेना. इतकी वर्षं मागितलेलं देवीने दिलं, आणि मी हातात तुपाचा चमचा धरून रडत उभी. संतोषकुमारांना मीच फोन केला, की दोसे खाल्ले, आता काय. ते म्हणाले, अक्का, दोन-तीन दोशांनी काही बिघडत नाही, उलट स्नायू भरतात, पण तो स्पर्धा करत नाही म्हणतो त्याचं काय ते बघा.

आता ज्यासाठी बसले ते लिहिते. इतका वेळ टाळत होते हे तुझ्या लक्षात आलं असेल. रविवारी बाहेर शर्टाचा गोंधळ चालला होता तेव्हा तू स्वयंपाकघरात कोसंबरीसाठी काकडी चोचवत होतीस, आणि मी तुला मोठ्या तोऱ्यात एक गोष्ट सांगितली. अप्पा तरुणपणी बॉडीबिल्डर होते, मला बघायला आले तेव्हा आम्हाला परसात पाच मिनिटं बोलू दिलं होतं, आणि मी म्हटलं, हे आरशासमोरचं सोडणार असाल तर माझं हो. त्यांनी तिथल्या तिथे सोडलं. तू विचारलंस, लगेच? मी म्हटलं, लगेच, पुन्हा कधी नावही काढलं नाही. एकतीस वर्षं मी हे येईल त्याला सांगत आले आहे. दोन दिवसांनी तू देवूला तेच सांगितलंस, तर तुला कोण काय बोलणार? शिकवलं मीच. परवा देवूची ताटली उचलून ठेवून अप्पा माझ्याजवळ बाल्कनीत येऊन बसले आणि म्हणाले, आपलं ठरलं ना विद्या, त्याच्या पुढच्या रविवारी दावणगेरेला स्पर्धा होती. माझं नाव होतं यादीत. गेलो नाही, घरात बसून अकरा इडल्या खाल्ल्या. मला हे माहीतच नव्हतं ग. मी विचारलं, फार वाईट वाटलं होतं का? म्हणाले, "स्वल्प वाटलं. मग सरी झालं." सरी, म्हणजे ठीक, व्हायला किती दिवस लागले, असं विचारलं तर म्हणाले, देवू पहिल्यांदा स्टेजवर उभा राहिला ना, तोपर्यंत. पंचवीस वर्षं, अनुषा! माझ्या शेजारी बसून जेवत होते, माझी थट्टा करत होते, आणि लोकांसमोर मी ती गोष्ट सांगायला लागले की माझ्याबरोबर हसतही होते. आमचा संसार सुखाचा झाला, ते मी नाकारत नाही. पण मी काय मागून घेतलं ते मला परवा कळलं, आणि तुला ते कळायला एकतीस वर्षं लागू नयेत. देवूला मी समजावून पाहिलं, अप्पांनी पाहिलं. तो म्हणतो, मी तिला शब्द दिलाय, ती सोडवेल तरच सुटेन. संतोषकुमारांनी यादीतलं त्याचं नाव अजून काढलेलं नाही, उद्या, शुक्रवारी संध्याकाळी सहापर्यंत ठेवणार आहेत. तू लग्नाला हो म्हण, नाही म्हण, आणखी वर्षभर विचार कर. नाही म्हणालीस तर मी रडेन, पण तुझ्यावर रागावणार नाही. फक्त त्याच्या आधी त्याला एक फोन कर आणि सांग, की रविवारी जा.

तुझीच, तू काहीही ठरवलंस तरी,
विद्याश्री काकू